मुलांची पुस्तकं संचाने घ्यायची नसतात



मागच्या वेळी मूगवड्यांच्या वाळवणाबद्दल लिहीन म्हटलं होतं. ते पुढच्या वेळी. आज मला भांडायचं आहे, आणि तेही आपल्याच माणसांशी.

नालवाडीतल्या आमच्या लहानशा वाचनालयात मुलांसाठी वेगळं कपाट करायचं ठरलं. महिला मंडळाने शास्त्रदानाच्या पेटीतले पैसे द्यायचं कबूल केलं. इथपर्यंत सगळं उत्तम. मग एका विक्रेत्याचं कोटेशन आलं. शंभर पुस्तकांचा संच, छापील किमतीवर निम्मी सूट, घरपोच, वर दोन नकाशे फुकट. संस्कारकथा, बोधकथा, इसापनीती, अकबर-बिरबल, तेनालीराम, थोर पुरुष. बैठकीत पाच मिनिटांत होकार झाला. पाच मिनिटांत! साडीच्या फॉलचा रंग जुळत नाही म्हणून चार दुकानं पालथी घालणाऱ्या बायका आपण. पापडाला उडीद घेताना मूठभर हातावर घेऊन बघतो. आणि मुलाच्या डोक्यात जे जाणार, ते बंद खोक्यात घ्यायला तयार झालो.

नमुना म्हणून आलेली बारा पुस्तकं मी घरी आणली आणि सगळी वाचली. एक दुपारही पुरी लागली नाही, त्यावरून काय ते समजा. बहुतेकांवर लेखकाचं नाव नाही, 'संपादक मंडळ' आहे. चित्रकाराचं नाव एकावरही नाही. बिरबलाची खिचडी दोन पुस्तकांत, तीही शब्दन् शब्द तीच. एकाच राजाचं चित्र एका पुस्तकात विक्रमादित्य म्हणून आणि दुसऱ्यात कृष्णदेवराय म्हणून, फक्त अंगरख्याचा रंग बदललेला. प्रत्येक गोष्टीखाली चौकट, चौकटीत तात्पर्य. मूल इतकं हुशार असतं की दुसऱ्याच पुस्तकापासून ते गोष्ट सोडून थेट चौकट वाचायला लागतं, आणि तिसऱ्यापासून चौकटही सोडून देतं.

यावर मला मिळालेलं उत्तर, "अहो काकू, मुलांचीच तर पुस्तकं आहेत." त्या 'च'मध्ये सगळं आलं.

आता हिशेबाचं बोलू. मी बी.कॉम. झालेली आहे. नोकरी केली नाही, पण घरखर्चाची वही चाळीस वर्षं मीच लिहिते, तेव्हा सूट या शब्दाने मी हुरळून जात नाही. पुस्तकाची किंमत मागच्या पानावर छापलेली असते ती नव्हे. ते किती वेळा घरी गेलं, त्याने किमतीला भागा, मग खरी किंमत कळेल. समजा, संचातलं पुस्तक ६० रुपयांना पडलं आणि वर्षभरात दोनदा गेलं. एका वाचनाचे ३० रुपये झाले. चांगलं चित्रपुस्तक २०० रुपयांचं, पण मुलं ते फाटेपर्यंत नेतात, चाळीस वेळा नेतात. एका वाचनाला ५ रुपये. स्वस्त कोणतं? शंभर पुस्तकांनी कपाट भरलेलं दिसतं आणि उद्‌घाटनाच्या फोटोत छान येतं हे मान्य. पण कपाट भरणं हा उद्देश असेल तर डबेही ठेवता येतील.

शास्त्रदानाच्या पैशाचा मुद्दा एका ताईंनी काढला. हा पैसा लौकिक पुस्तकांवर खर्चावा का? प्रश्न रास्त आहे आणि त्यावर बसून बोलायला हवं. पण मग बिरबल कोणत्या अनुयोगात येतो, तेही सांगा. संचाला हा प्रश्न कुणी विचारला नाही, मी वीस पुस्तकांची वेगळी यादी दिली तेव्हाच तो उठला. आपल्या शास्त्रात दानाची जी उदाहरणं येतात, त्यांत कौंडेशाचं नाव शास्त्रदानासाठी घेतलं जातं. आधीच्या जन्मी तो गुराखी होता. झाडाच्या ढोलीत त्याला एक ग्रंथ सापडला, तो त्याने सांभाळला आणि मुनींना नेऊन दिला. सापडलेला ग्रंथ वाचणाऱ्याच्या हाती पोचवला, हे त्याचं दान. पुस्तक योग्य हाती जाणं हीच तर त्यातली मेख आहे.

जुनं तेच बरं म्हणणाऱ्या मंडळींना दोन शब्द. मलाही जुनं आवडतं. साने गुरुजींची 'श्यामची आई' वाचून मी रडले, माझी मुलंही रडली. पण ती १९३५ साली नवी कोरी होती! गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. त्या वेळच्या वाचनालयांनी "हा कोण नवा मास्तर, आपल्याला इसापनीती बरी" म्हटलं असतं, तर आज आपण जुनं म्हणून कुणाचं नाव घेतलं असतं? प्रत्येक जुन्या चांगल्या पुस्तकासाठी कधीतरी कुणीतरी नव्याला पैसे मोजलेले असतात. आपली पाळी आली की आपण हात आखडता घ्यायचा, हे बरं नव्हे.

मोठ्या शहाण्या वाचनालयांचंही चुकतं बरं का. अमेरिकेत १९४७ साली 'गुडनाइट मून' नावाचं लहानग्यांसाठीचं चित्रपुस्तक निघालं. झोपण्याआधी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घ्यायचा, एवढंच त्यात आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागावर ज्या बाईंचा दरारा होता, त्यांना ते पसंत पडलं नाही. निवृत्त झाल्या होत्या तरी त्यांचा शब्द चालायचा. ते पुस्तक त्या ग्रंथालयाने घेतलं थेट १९७२ साली. पंचवीस वर्षं! तोवर दुकानांतून घेऊन घराघरांत आया ते वाचून दाखवत होत्या. त्या बाईंनी निदान पुस्तकं वाचून मत बनवलं होतं. आपण तर खोकंही उघडलं नाही.

"पण नवीन चांगलं कोणतं, हे आम्हाला कुठून कळणार?" हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि वर्ध्यासारख्या ठिकाणी जास्तच खरा. २०२३ च्या फेब्रुवारीत नरेंद्र चपळगावकरांच्या अध्यक्षतेखाली इथे शहाण्णवावं साहित्य संमेलन झालं, तेव्हा तीन दिवस पुस्तकंच पुस्तकं होती. एरवी आपल्या बाजारात मुलांचं पुस्तक म्हणजे अंकलिपी, रंगवायची वही आणि गाइड. पण कळण्याच्या वाटा आहेत. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याचा पुरस्कार देते. मराठीत पहिल्या वर्षी तो अनिल अवचटांना मिळाला, २०१४ ला माधुरी पुरंदरे यांना, २०१७ ला ल. म. कडू यांना, २०२२ ला संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार बालवाङ्मयाच्या कविता, कथा, कादंबरी, नाटक अशा वेगवेगळ्या प्रकारांना मिळतात. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं. टाटा ट्रस्टचा 'पराग' उपक्रम २०२० पासून निवडक पुस्तकांची यादी देतो, तिची सुरुवात हिंदी आणि इंग्रजीपासून झाली. आपल्या घरातली निम्मी मुलं हिंदी वाचतात, तेव्हा तीही कामाची. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठीसकट कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत. मोबाइलवर दिवसाला पंधरा सुप्रभात पाठवतो आपण, त्यातला अर्धा तास इकडे दिला तर बिघडत नाही.

मात्र पुरस्कार मिळाला म्हणून डोळे मिटून घ्या, असंही मी म्हणणार नाही. पुरस्कार मोठी माणसं देतात. मोठ्यांना मुलांसाठी जे आवडतं आणि मुलांना जे आवडतं, ते दर वेळी एक नसतं. याद्या आपल्याला दुकानाच्या दारापर्यंत नेतात. आत जाऊन माल बघायचा तो आपणच.

आता ज्यावरून खरं रण माजलं, त्याकडे येते. माझ्या वीस पुस्तकांच्या यादीत एक चित्रपुस्तक होतं. समुद्रकाठच्या गावातली मुलगी. बाप होडी घेऊन गेला आहे, वादळ आलं आहे, तो परतलेला नाही. ती किनाऱ्यावर वाट बघते. एका पानावर तिच्या आईच्या टोपलीत मासळी आहे. मंडळातल्या एका ज्येष्ठ ताईंनी नेमकं ते पान उघडलं आणि पुस्तक टेबलावर उलटं ठेवलं. पुढचं कुणी पाहिलंच नाही. बाप परत आला की नाही, हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

त्या ताईंचा मला आदर आहे. त्यांच्याइतकी कडक व्रतं माझ्याकडून होत नाहीत. पण इथे मी त्यांच्याशी असहमत आहे, आणि मोकळेपणाने सांगते का ते.

आपल्या पाठशाळेत मुलांना कोणत्या गोष्टी सांगतो आपण? खदिरसार भिल्लाची. तो शिकार करणारा, मांस खाणारा. मुनिराजांकडे तो फक्त कावळ्याचं मांस सोडण्याचा नियम घेतो आणि जीव जायची वेळ आली तरी मोडत नाही. यमपाल चांडाळाची. तो लोकांना सुळावर चढवणारा, पण चतुर्दशीला हिंसा करणार नाही म्हणून राजालाही नकार देतो. आणि नेमिनाथांची वरात? लग्नाच्या जेवणावळीसाठी कोंडलेली जनावरं ओरडतात, तो आवाज ऐकून नेमिकुमार रथ वळवतात. त्या गोष्टीतून वाडा आणि जनावरं काढून टाका, मग नेमिनाथ कशासाठी वळले ते मुलाला सांगून दाखवा. यशोधराच्या कथेत तर पिठाच्या कोंबड्यापासून केवढं रामायण घडतं. आपल्या पुराणकारांनी मुलांपासून हिंसा लपवली नाही. ती दाखवली, आणि दाखवून मुलाच्या मनात कळवळा उपजवला. मग कोळ्याच्या मुलीच्या टोपलीला एवढं काय घाबरायचं? आपली मुलं शाळेत डबा खायला कुणाशेजारी बसतात, हे काय आपल्याला ठाऊक नाही? त्यांना मासळी माहीत आहे. बाप परत न येण्याची धास्ती काय असते, ते कदाचित माहीत नसेल. पुस्तक त्यासाठी होतं.

आणि गंमत पुढेच आहे. ज्या संचाला पाच मिनिटांत होकार मिळाला, त्याच्या बारा नमुन्यांत एक राजपुत्र आहे. तो जंगलात जातो, सिंह मारून आणतो आणि सगळा दरबार टाळ्या वाजवतो. राजा खूश होऊन त्याला अर्धं राज्य देतो. तात्पर्य: शूर माणसाला यश मिळते. पंचेंद्रिय जीवाची हत्या, तीही शौकासाठी, आणि वर बक्षीस! दुसऱ्या एका गोष्टीत जाड्या मुलाची टिंगल आहे, तिसरीत सावत्र आई दुष्ट आहे आणि ती 'काळीकुट्ट'ही आहे. यातल्या एकाही पानावर कुणाचं बोट गेलं नाही. का? कारण मुखपृष्ठावर 'संस्कारकथा' छापलं आहे. सरबताच्या बाटलीवर फळाचं चित्र असतं म्हणून आत फळ असतंच का? मागचं लेबल चष्मा लावून वाचणाऱ्या आपण, बिस्किटात अंडं आहे का ते शोधणाऱ्या आपण, इथे मात्र पुढचं चित्र बघून समाधान मानलं.

कापून टाकायचंच असेल तर मी राजपुत्र कापेन. पण मी तोही कापायला निघालेली नाही. माझं म्हणणं इतकंच की पान उघडायचं तर पूर्ण पुस्तकाचं उघडा, आणि दोन्ही गठ्ठ्यांचं उघडा.

कुलपाबद्दलही बोलून टाकते. ठरावात एक ओळ आहे, "कपाटास कुलूप असावे व पुस्तके खराब होऊ नयेत म्हणून मुलांना तेथेच बसून वाचण्यास द्यावी." मैत्रिणींनो, कुलपाचा अनुभव आपल्या समाजाइतका कुणाला असेल? धवला, जयधवला हे टीकाग्रंथ मूडबिद्रीला ताडपत्रांवर शतकानुशतकं जपले गेले. लोक दुरून यायचे, दर्शन घ्यायचे, हात जोडून परत जायचे. वाचणं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नक्कल करण्याचं काम चाललं असताना गजपती शास्त्रींनी गुपचूप एक जास्तीची प्रत उतरवली, आणि त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मोठा हात होता. एका गृहिणीचा! त्या प्रतीमुळे वाट मोकळी झाली आणि १९३९ साली षट्खंडागमाचा पहिला छापील खंड बाहेर पडला तो कुठून, तर आपल्या शेजारच्या अमरावतीहून. किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैनांनी तो संपादित केला. श्रुतपंचमीला आपण जिनवाणीची पूजा करतो, तेव्हा लक्ष्मीबाईंचीही आठवण काढायला हवी, असं मला नेहमी वाटतं. तर, ग्रंथ कुलपात राहिला की त्याचं काय होतं हे आपल्याला कळून चुकलेलं असताना मुलांच्या चित्रपुस्तकांना कुलूप? रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यात पुस्तक वापरासाठी असतं हाच पहिला आहे. फाटू द्या. फाटलेलं पुस्तक चिकटवायला मी बसते दर शुक्रवारी, खळ माझी.

आणखी एक खंत आहे, ती विक्रेत्याकडे मांडून उपयोग नाही, तरी इथे मांडते. आपल्या भागातली पोरं जशी बोलतात तसं बोलणारं पोरगं मला मुलांच्या पुस्तकांत फार क्वचित भेटतं. "काय करून राहिली वं?" असं कुणी विचारत नाही. कापसाच्या गाठोड्यावर झोपणारं, मे महिन्यात कूलरसमोरच्या जागेवरून भांडणारं, सेवाग्रामच्या रस्त्याने सायकल दामटणारं मूल नाही. पुण्याच्या वाड्यातली आणि मुंबईच्या सोसायटीतली मुलं खूप आहेत, ती मलाही आवडतात, फास्टर फेणे तर माझा लाडका. पण नव्या पुस्तकांत आपल्या बोलीतलं काही निघालं, तर ते आधी आपण विकत घ्यायला हवं. नाहीतर प्रकाशकाला कसं कळणार की इकडेही गिऱ्हाईक आहे?

मग करायचं काय, ते सांगते. पैसे एकदम उडवायचे नाहीत, वर्षाचे चार हप्ते करायचे. दर हप्त्याला दहा-बारा पुस्तकं. मंडळातल्या तिघींनी प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं असल्याशिवाय ते घ्यायचं नाही. तिघींपैकी एक तरी सून असावी, सगळ्या माझ्या वयाच्या नकोत. लेखक, चित्रकार, भाषांतर असेल तर भाषांतरकार, यांची नावं नाहीत ते पुस्तक लगेच बाजूला. ज्याने केलं त्यालाच नाव द्यावंसं वाटलं नाही, ते आपण कशाला घ्यायचं? शिलाई बघायची, पिनांचं पुस्तक चार दिवसांत सुटतं. आणि मोठ्याने वाचून बघायचं. वाक्य जिभेवर अडखळलं तर मुलाचंही अडखळणार. धार्मिक पुस्तकांनाही हीच चाळणी लावायची, उलट जास्त बारीक. नेमिनाथांची वरात धूसर छपाईत आणि चुकीच्या शुद्धलेखनात मुलाच्या हाती देणं ही जिनवाणीची विटंबना आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी दोन-तीन मुलांना निवडीत बसवायचं. नावापुरतं नाही, त्यांना मत द्यायचं. माझ्या यादीतली सहा पुस्तकं मी शेजारच्या मुलांपुढे ठेवली होती. मला सर्वांत आवडलेलं, सुंदर जलरंगातलं पुस्तक त्यांनी एकदा चाळून खाली ठेवलं. एका बेडकाच्या येड्या गोष्टीवर मात्र तिघं तुटून पडली. मी ते बेडूक यादीत सर्वांत वर घेतलं. कोळ्याच्या मुलीचं पुस्तक आठ वर्षांच्या एका मुलीने दोनदा वाचलं आणि विचारलं, "तिचे बाबा पुढच्या वेळी जातील तेव्हा ती परत वाट बघेल का?"

"वेळ कुणाला आहे?" असं पुष्कळजणी म्हणतील. हे गाव विनोबांच्या पायाखालचं आहे. १९३० नंतरच्या दशकात ते इथे राहिले, तेव्हा कातणाऱ्याला किती मजुरी मिळावी हे ठरवण्याआधी स्वतः दिवसभर सूत कातून, त्या मजुरीत माणसाचं भागतं का ते त्यांनी करून पाहिलं. आपल्याला तर बत्तीस पानांची पुस्तकं वाचायची आहेत, तीही पंख्याखाली बसून.

रविवारी पाठशाळा सुटल्यावर साडेअकराला बैठक आहे. कोटेशनवर अध्यक्षा, सचिव आणि खजिनदार अशा तिघींच्या सह्या लागतात. खजिनदार मी आहे. संचातली बारा आणि माझ्या यादीतली वीस, अशी बत्तीस पुस्तकं मी टेबलावर मांडून ठेवणार आहे. ज्यांना मत द्यायचं आहे त्यांनी साडेनऊलाच या, चष्मा घेऊन या. चहा-नाश्ता माझ्याकडे. न वाचता झालेल्या ठरावावर माझी सही होणार नाही.